मोटारहोमची डिश: ओळंबा, आग्नेय दिशा आणि बारा व्होल्ट

सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी गाडी लावलेली असो, तोरणमाळला यशवंत तलावाजवळ असो, की रावेर तालुक्यातल्या पालला जंगलाच्या कडेला. मोटारहोममधला टीव्ही लागत नाही तेव्हा लोक आधी सेट-टॉप बॉक्सवर संशय घेतात, मग वायरीवर, मग एलएनबीवर (डिशसमोरच्या दांडीवरचा, सिग्नल पकडणारा डबा). बहुतेक वेळा खोट असते ती खांबात. घराच्या गच्चीवर बसवणाऱ्या माणसाने एकदा खांब ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभा, लावला की दहा वर्षं बघावं लागत नाही. गाडीवाल्याला तेच काम दर मुक्कामाला नव्याने करायचं असतं, आणि तेही उतारावर, रेतीत किंवा काळ्या मातीत. म्हणून इथे सगळ्यात जास्त शब्द खांब आणि कोन यांवर खर्च केले आहेत.

कोणती सेवा घ्यावी

फिरत्या गाडीसाठी आमचं मत स्पष्ट आहे: डीडी फ्री डिश. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज संपला म्हणून पडदा काळा होणं नाही, बॉक्स कुठेही न्या. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आज ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, जो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे. डीडी सह्याद्री आणि बातम्यांच्या बऱ्याच वाहिन्या त्यावर आहेत. बॉक्स घेताना एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) चा घ्या. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसतच नाहीत.

घरी आधीच खासगी कंपनीचं कनेक्शन असेल आणि तोच बॉक्स गाडीत न्यायचा असेल, तर प्रत्येक कंपनीचा उपग्रह वेगळा असतो हे ध्यानात ठेवा. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या दिशेला लावलेल्या डिशवर चालत नाही. जळगावहून कोन असे येतात. दिशाकोन उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला आहे, उंचीचा कोन क्षितिजापासून वर.

डीडी फ्री डिश (९३.५ अंश): दिशा १३८, उंची ५८
टाटा प्ले (८३ अंश): दिशा १६०, उंची ६४
डी२एच (८८ अंश): दिशा १४८, उंची ६२
डिश टीव्ही (९५ अंश): दिशा १३५, उंची ५७
एअरटेल (१०८.२ अंश): दिशा ११९, उंची ४६

हे आकडे गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावेत इतके कामाचे आहेत, कारण अख्ख्या खान्देशात ते फारसे बदलत नाहीत. फ्री डिशसाठी पश्चिमेला नवापूरला दिशा १३५ आणि उंची साडेछप्पन्न येते, पूर्वेला मुक्ताईनगरला १३९ आणि साडेअठ्ठावन्न. म्हणजे जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरताना उंचीचा नट जवळजवळ सोडावाच लागत नाही. एकदा बसवलेला कोन रंगाच्या रेघेने पक्का करून ठेवता येतो. दर मुक्कामाला बदलतं ते फक्त खांबाचं उभेपण आणि डिशचं तोंड.

छपरावर की जमिनीवर

छपरावर डिश बसवायचा मोह सगळ्यांना होतो. गाडी थांबली की चालू, असं चित्र डोळ्यांसमोर असतं. पण ६० सेंटिमीटरच्या डिशची झोत पकडण्याची रुंदी साधारण तीन अंश. मधल्या नेमक्या दिशेपासून दीड अंश सरकली की सिग्नल निम्म्यावर येतो. मोटारहोम स्प्रिंगांवर उभी असते. आत कोणी पलंगावरून उठून ओट्यापाशी गेलं की गाडी कलते आणि तिच्यासोबत छपरावरची डिशही. पावसाच्या सुरुवातीला सिग्नल आधीच पातळ झालेला असतो. तेव्हा एवढ्याशा हलण्यानेही चित्राचे चौकोन पडतात.

दुसरं कारण सावलीचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो. अशा दिवसांत गाडी निंबाखाली किंवा वडाखाली लावावी लागते, आणि छपरावरच्या डिशला मात्र मोकळं आकाश हवं असतं. जमिनीवर तिवई (डिश धरणारा तीन पायांचा सांगाडा) असेल तर गाडी सावलीत आणि डिश पंधरा मीटर लांब उन्हात, दोघांचंही भागतं.

छपरावरच हवी असेल तर चार पायांचा जॅक लावून गाडी स्थिर करावी, आणि डिश आडवी झोपणारा, कुलूप लागणारा सांधा घ्यावा. डिश उभी ठेवून गाडी निघाली तर रस्त्यावरच्या खालच्या वायरी आणि झाडांच्या फांद्या हिशेब चुकता करतात. परदेशातून आणलेले घुमटाच्या आकाराचे आपोआप दिशा शोधणारे अँटेनाही मिळतात. पैसे देण्याआधी त्यांच्या यादीत ९३.५ अंश पूर्व आहे का आणि आतला एलएनबी सरळ, म्हणजे उभ्या-आडव्या लहरींचा आहे का, हे पाहा. अमेरिकेतल्या डीटीएचसाठी केलेले घुमट गोल फिरणाऱ्या लहरींसाठी असतात. ते इथे उपयोगाचे नाहीत.

तिवई कशी करून घ्यावी

बाजारात तयार तिवया मिळतात, पण बऱ्याचशा हलक्या असतात. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेली अधिक टिकते. पाय २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाईपचे, पसरल्यावर दोन पायांत साधारण एक मीटर अंतर. मधला खांब दीड इंची जीआय पाईपचा, मीटरभर उंच. पाईप घेण्याआधी तुमच्या डिशचा क्लॅम्प त्यावर बसवून पाहा. सैल बसला तर वाऱ्याने डिश फिरत राहते.

खरी खुबी खांबाच्या बैठकीत आहे. खांब थेट वेल्डिंग करून पक्का करू नका. दोन इंची पाईपचा ३० सेंटिमीटरचा तुकडा तिवईला वेल्ड करा, त्याच्या तळाला आणि माथ्याला तीन-तीन बोल्ट १२० अंशांवर आतल्या दिशेने येतील असे बसवा आणि दीड इंची खांब त्यात सोडा. तळाचे बोल्ट कायमचे घट्ट. माथ्याचे तीन कमी-जास्त करून खांब ओळंब्यात आणायचा. जमीन वाकडी असेल तर मोठा कल आधी पायांखाली फळी सरकवून काढायचा, उरलेलं बारीक उभेपण वरच्या तीन बोल्टांनी साधायचं. बोल्ट दहा मिलिमीटरचे घ्या, म्हणजे सतरा नंबरच्या एका पान्ह्यात काम होतं.

वजनाशिवाय तिवई उभी राहत नाही. उन्हाळ्यात दुपारच्या वावटळी आणि वैशाखातली वादळं केळीच्या बागा झोपवतात. ६० सेंटिमीटरची डिश म्हणजे त्यांच्यासाठी शीडच. तिवईच्या मध्याखाली आकडा लावून वीस लिटरचा पाण्याचा कॅन टांगा. वीस किलो वजन फुकटात मिळतं आणि निघताना पाणी ओतून देता येतं. शिवाय प्रत्येक पायापाशी फूटभर लांब सळईची खुंटी ठोकून दोरीने ताणून बांधा. यात्रेच्या मैदानात खुंट्यांवर पांढरं फडकं बांधलेलं बरं, रात्री माणसं आणि जनावरं अडखळत नाहीत.

तापीच्या रेतीत पाय खचतात, तेव्हा प्रत्येक पायाखाली फळीचा वीतभर तुकडा ठेवा. काळ्या मातीचं दुखणं वेगळं. ती उन्हाळ्यात भेगाळते, पाऊस पडला की फुगते आणि मऊ होते. संध्याकाळी डिश नीट लावली आणि रात्रीच्या सरीनंतर सकाळी चित्र गायब, असं झालं तर बॉक्सला हात लावण्याआधी ओळंबा लावा.

ओळंब्याचं गणित

डिशच्या मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतात. त्या खुणा खांब सरळ उभा आहे असं धरून केलेल्या असतात. खांब तीन अंश कललेला असेल तर पट्टीवर ५८ दिसतं आणि डिश प्रत्यक्षात ५५ वर किंवा ६१ वर बघत असते. खांब बाजूला कलला तर आणखी वाईट. डिश फिरवत गेलं की उंचीही आपोआप बदलत जाते आणि पूर्ण चक्कर मारूनही उपग्रह सापडत नाही. लोक इथेच तास घालवतात.

मीटरभर खांबाच्या माथ्याला पावणेदोन सेंटिमीटरचा कल म्हणजे एक अंश. मोबाईलमधली पाणसळ यासाठी पुरते, पण ती खांबावर टेकवताना मोबाईल वाकडा धरला जातो. गवंड्याचा ओळंबा स्वस्त आणि खात्रीचा. खांब दोन बाजूंनी पाहा: एकदा दक्षिणेकडे तोंड करून, मग पूर्वेकडे तोंड करून. दोन्हीकडून दोरी खांबाला समांतर दिसली की झालं. वारा असेल तर ओळंब्याचं टोक पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा, दोरी डोलत नाही.

जागा निवडताना

फ्री डिशची दिशा म्हणजे जवळजवळ नेमकी आग्नेय, वास्तुवाले स्वयंपाकघर सांगतात तोच कोपरा. तिकडे मोकळं आकाश हवं. उंचीचा कोन ५८ असल्यामुळे डिश बरीच वर बघते आणि हे आपल्या फायद्याचं आहे. डिशपेक्षा जितकं उंच झाड, त्याच्या पाऊण पट अंतर सोडलं की पुरतं. दहा मीटरचं निंब असेल तर साडेसात मीटर लांब तिवई लावा. तीन मीटर उंचीच्या केळीपासून अडीच मीटर. एअरटेलसाठी मात्र झाडाच्या उंचीइतकं किंवा थोडं जास्तच अंतर लागतं, टाटा प्लेसाठी साधारण सहा दशांश पट पुरतं. तोरणमाळच्या दरीतही डोंगर सहसा आड येत नाही, कारण ५८ अंशांपर्यंत चढणारा कडा अगदी पायथ्याशी असल्याशिवाय भेटत नाही. तिथे अडचण झाडांची असते, आणि पानांतून सिग्नल येईल ही आशा सोडून द्यावी. ओली पानं तर जवळजवळ सगळा सिग्नल पिऊन टाकतात.

गाडी स्वतः आडवी येते हे अनेकांच्या लक्षात येत नाही. तीन मीटर उंच मोटारहोमच्या वायव्येला, तिला चिकटून तिवई लावली तर डिश गाडीकडेच बघते. तिवई नेहमी गाडीच्या दक्षिण किंवा पूर्व बाजूला ठेवा.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या आसपास सूर्य नेमका जीसॅट-१५ च्या मागे येतो. त्या काही दिवसांत काही मिनिटं चित्र जाणारच, डिशला हात लावू नका. पण याच दिवसांत मुक्काम असेल तर जागा तपासायला याहून सोपी रीत नाही. अकरा वाजता तिवईच्या जागी ऊन पडत असेल तर उपग्रहही तिथून दिसणार.

वायर

आरजी-६ कोअॅक्सियल केबल घ्या, काळ्या कोटाची. पांढरा कोट आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत तडकतो. पंधरा मीटरचा एकच तुकडा पुरतो. मध्ये जोड नको. प्रत्येक जोडाजवळ पाणी शिरायची एक जागा तयार होते. वायर कोपरापासून अंगठ्यापर्यंत घट्ट गुंडाळू नका, बादलीएवढी गोल गुंडाळी करा. आतला फोम दबला की सिग्नल तिथेच गळतो.

एफ कनेक्टर पिळून बसवायचा न घेता दाबून बसणारा घ्या. वरचा कोट साधारण बारा मिलिमीटर सोला, जाळी मागे परतवा, मग आतली पांढरी कातडी काढा आणि मधली तार कनेक्टरच्या कडेपासून तीन मिलिमीटर बाहेर ठेवा. जाळीचा एक केसही मधल्या तारेला लागला तर शॉर्ट होतो आणि बॉक्स एलएनबी शॉर्टचा संदेश दाखवतो. बॉक्स चालू असताना वायर लावू-काढू नये, कारण एलएनबीला वीज याच वायरीतून जाते.

गाडीच्या भिंतीतून वायर आत घेताना छिद्राला रबरी ग्लँड लावा आणि बाहेरच्या बाजूला वायरीला छिद्राच्या खाली एक झोळ द्या. पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, आत चढत नाही. एलएनबीच्या टोकावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळा. साधी इन्सुलेशन टेप खान्देशच्या उन्हात चिकट होऊन सुटते.

सिग्नल धरणं

आधी आग्नेय शोधा. मोबाईलचं होकायंत्र गाडीपासून आणि तिवईपासून तीन-चार मीटर लांब उभं राहून वापरा. पत्रा आणि लोखंड जवळ असलं की सुई दहा-वीस अंश सहज भटकते. आपल्याकडे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे बेरीज-वजाबाकी नको. १३८ अंशांवर दिसणारं लांबचं काहीतरी हेरा, एखादा टॉवर, एखादं एकटं झाड. मग तिवईपाशी येऊन त्या खुणेकडे डिशचं तोंड करा. मोबाईल नसेल तर रात्री ध्रुवतारा पाहून उत्तर धरता येते. तो इथून क्षितिजापासून साधारण २१ अंशांवर दिसतो. पाठ त्याच्याकडे केली की समोर दक्षिण, तिथून डावीकडे ४२ अंश.

उंचीची पट्टी ५८ वर. डिश बघायला तितकी उताणी वाटत नाही, कारण या डिशांचा एलएनबी खालच्या बाजूला सरकवलेला असतो आणि त्यामुळे डिशचा चेहरा खऱ्या कोनापेक्षा बराच खाली दिसतो. डोळ्याचं ऐकू नका, पट्टीचं ऐका.

एलएनबीला पीळ द्यावा लागतो, म्हणजे तो त्याच्या पकडीत थोडा फिरवावा लागतो. डिशच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे पाहिलं असता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, साधारण ३९ अंश. हा सुरुवातीचा आकडा समजा. शेवटी क्वालिटी जिथे सर्वांत जास्त, तोच खरा पीळ.

आता वायर जोडा, मग बॉक्स चालू करा आणि सेटिंगमध्ये सिग्नलचा पडदा उघडा. दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंग्थ म्हणजे वायरीतून किती काही येतंय. एलएनबीला नुसती वीज मिळाली तरी ती साठ-सत्तर दाखवते. क्वालिटी म्हणजे त्या गोंगाटातून बॉक्सला खरोखर किती समजतंय. पाहायची ती क्वालिटी. स्ट्रेंग्थ नव्वद आणि क्वालिटी शून्य असेल तर डिश चुकीच्या उपग्रहाकडे, नाहीतर मोकळ्या आकाशाकडे बघतेय.

उंचीला हात न लावता डिश आधी डावीकडे पंधरा अंश न्या, मग उजवीकडे हळूहळू आणा. ६० सेंटिमीटर डिशची कडा एक सेंटिमीटर सरकली की दोन अंश होतात. एवढंच सरकवा आणि चार सेकंद थांबा. बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. सरसर फिरवणारा माणूस उपग्रहावरून तीनदा जातो आणि त्याला कळत नाही. पूर्ण फेरीत काही मिळालं नाही तर उंची दोन अंशांनी वाढवून पुन्हा फेरी, मग दोन अंशांनी कमी करून. एवढ्यानेही नाही मिळालं तर ओळंबा परत लावा, पुढे जाऊ नका.

आवाज करणारा छोटा सॅटेलाईट फाइंडर मदतीला घेता येतो, पण तो उपग्रह ओळखत नाही, फक्त काहीतरी आहे एवढं सांगतो. ८३, ८८, ९१.५, ९३.५ आणि ९५ अंशांवर उपग्रहांची रांगच आहे. सगळ्यांवर तो ओरडतो. खात्री बॉक्सच्या क्वालिटीनेच करायची.

क्वालिटी आली की तिथेच घट्ट करण्याची घाई नको. डिश डावीकडे नेत क्वालिटी पडू लागते तिथे खांबावर खडूने खूण करा, मग उजवीकडे पडते तिथे दुसरी. दोन्हींच्या बरोबर मध्ये डिश आणा. असंच उंचीला आणि असंच पिळाला. हे शेवटचं बारीक काम कंटाळा न करता केलं तर पावसात फरक दिसतो. स्वच्छ आकाशात ५५ वर चालणारी डिश पहिल्या ढगाला जाते, ८० वरची जोरदार सरीतही बराच वेळ तग धरते. घट्ट करताना नट एका बाजूने पूर्ण आवळू नका, समोरासमोरचे थोडे-थोडे, आणि नजर क्वालिटीवरच ठेवा. पान्ह्याच्या जोराने डिश एखादा अंश सहज फिरते.

वीज

२४ इंची एलईडी टीव्ही साधारण ३० वॅट, बॉक्स एलएनबीसह १० ते १५ वॅट. मिळून ४५ वॅट. शंभर अॅम्पिअर-तासाची लेड अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे तिच्यातून साधारण ६०० वॅट-तास घ्यायचे. गळती धरून दहा-अकरा तास टीव्ही. छपरावर शंभर वॅटचं सोलर पॅनल असेल तर हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवसाला संध्याकाळचा टीव्ही त्यातच भागतो. ही बॅटरी गाडीच्या सेल्फच्या बॅटरीपेक्षा वेगळी हवी, मध्ये आयसोलेटर (टीव्हीने सेल्फच्या बॅटरीतली वीज ओढू नये म्हणून). रात्रीच्या बातम्या पाहून सकाळी गाडीला धक्का मारायची वेळ येऊ नये.

बहुतेक बॉक्स आणि अनेक छोटे टीव्ही मुळात १२ व्होल्टवर चालतात. अॅडॉप्टरवरचं लेबल वाचा. त्यांना इन्व्हर्टरची गरज नाही, २३० करून परत १२ करण्यात वीज वाया जाते. पण बॅटरीची वायर सरळ जोडू नका. इंजिन चालू असताना तिथे १४.४ व्होल्टपर्यंत जातं आणि रात्री उतरल्यावर १२ च्या आसपास. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर लावा, सहा-आठ अॅम्पिअरचा.

बस किंवा ट्रकच्या चॅसीवर बांधलेल्या मोटारहोममध्ये २४ व्होल्ट असतं, दोन बॅटऱ्या ओळीत जोडून. इथे एक चूक सर्रास होते: दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले जातात. ती बॅटरी रोज जास्त उतरते, चार्जिंग दोघींना सारखंच मिळतं, आणि काही महिन्यांत एक उपाशी राहून मरते, तर दुसरी जास्त भरून उकळते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवरच जोडावा.

वायर अडीच चौरस मिलिमीटरची. पाच मीटर अंतरावर चार अॅम्पिअरला तिच्यात ०.३ व्होल्ट पडतात. एक चौरस मिलिमीटरच्या वायरीत पाऊण व्होल्ट जातो आणि बॅटरी थोडी उतरली की बॉक्स आपोआप बंद-चालू होत राहतो. फ्यूज साडेसात अॅम्पिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. फ्यूज टीव्हीपाशी लावून उपयोग नाही, वाटेत वायर घासली तर आग तिथेच लागते.

बॉक्स बंद कपाटात कोंडू नका, वर-खाली चार बोटं जागा सोडा. उन्हाळ्यात गाडी बंद करून दिवसभर उभी ठेवायची असेल तर निदान खिडकीला पडदा आणि छताची झडप उघडी. बंद पत्र्याच्या आत ६० अंशांच्या पुढे जातं आणि टीव्हीच्या पडद्यावर डाग पडतात.

बिघाड झाला तर

सगळं नीट असून निम्म्याच वाहिन्या दिसत असतील तर बॉक्स एलएनबीला १३ आणि १८ व्होल्ट देऊन उभी-आडवी लहर बदलतो, त्यातला एक व्होल्टेज पोचत नाही असं समजा. कारण बहुतेकदा गंजलेला कनेक्टर किंवा दाबली गेलेली वायर. नसेल तर बॉक्सच्या मेनूत एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल, म्हणजे ९७५०-१०६००, आहे का ते पाहा.

सकाळी दव पडल्यावर चित्र जातं आणि ऊन चढल्यावर येतं: कनेक्टरात पाणी आहे. कापून नवा लावा, फुंकून वाळवणं दोन दिवस टिकतं. एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी तडकली असेल तरी हेच लक्षण दिसतं, आणि आपल्याकडच्या उन्हात ती तडकतेच. दर वर्षी पावसाळ्याआधी नखाने दाबून पाहा.

वाऱ्याच्या झुळकेबरोबर चौकोन पडतात तेव्हा क्लॅम्प सैल किंवा कॅन रिकामा. टीव्हीवर आडव्या लहरी आणि आवाजात गुणगुण असेल तर स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लाट कारण आहे. १२ व्होल्टवर जा किंवा प्युअर साइनचा इन्व्हर्टर घ्या.

विजा चमकू लागल्या की मोकळ्या मैदानात उभा असलेला लोखंडी खांब धोक्याचा असतो. पहिला गडगडाट ऐकू येताच बॉक्स बंद करा, वायर भिंतीपासून काढून बाहेर टाका. ढग डोक्यावर आल्यावर तिवईपाशी जाऊ नका.

निघताना

डिश क्लॅम्पसकट खांबावरून उचला, उंचीचा नट सोडू नका. तीच तुमची पुढच्या मुक्कामाची अर्धी मेहनत वाचवते. डिशचा पत्रा दुमडला तर तिचा आकार बिघडतो आणि कितीही नीट लावली तरी क्वालिटी चढत नाही, म्हणून ती गादीच्या मागे उभी ठेवा, तिच्यावर काही रचू नका. एलएनबीची दांडी वेगळी काढता येत असेल तर पीळाची खूण मार्करने करूनच काढा. खुंट्या मोजून उचला. मातीत राहिलेली सळई पुढच्या गाडीच्या टायरला किंवा गुरांच्या खुरांना लागते.